बिटकॉइन ईटीएफ: पडद्यामागे नेमकं काय चालतं?

‘बिटकॉइनला आता मान्यता मिळाली आहे, ईटीएफ आलाय’ हे वाक्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये, टेलिग्राम ग्रुपवर किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलं असेलच. वाक्य अर्धंच खरं आहे, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

मान्यता मिळाली ती अमेरिकेत. १० जानेवारी २०२४ रोजी तिकडच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (आपल्याकडच्या सेबीसारखी संस्था) एकाच दिवशी ११ स्पॉट बिटकॉइन ईटीएफना परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. ब्लॅकरॉक, फिडेलिटी, ग्रेस्केल, बिटवाइज, व्हॅनएक अशी मोठी नावं त्यात होती. पण कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी त्याच दिवशी स्पष्ट केलं की ही मान्यता या फंडांच्या व्यवहाराला आहे, बिटकॉइनला नाही.

भारतात सेबीने एकाही बिटकॉइन ईटीएफला परवानगी दिलेली नाही. त्यामुळे नंदुरबारमध्ये, शहाद्यात किंवा नवापुरात कुणी ‘इंडियन बिटकॉइन ईटीएफ’ म्हणून काही विकत असेल, तर तो दुसरंच काहीतरी विकतोय.

हे एवढंच सांगून थांबता आलं असतं. पण ईटीएफ आतून कसा चालतो हे एकदा नीट कळलं, की कुठली ऑफर खरी आणि कुठली खोटी हे तुमचं तुम्हालाच ओळखता येतं. म्हणून आज पडद्यामागे जाऊया.

सुरुवात मुंबईच्या सोन्यापासून

ईटीएफ म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड. फंड एखादी वस्तू किंवा शेअर विकत घेऊन ठेवतो, त्यावर छोटी छोटी युनिट्स काढतो आणि ती युनिट्स शेअरसारखी बाजारात विकली जातात. तुमच्या डिमॅट खात्यात युनिट येतं, वस्तू फंडाकडेच राहते.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, मुंबईच्या बेंचमार्क म्युच्युअल फंडाने २००१ च्या शेवटी आणला. याच बेंचमार्कने २००२ मध्ये सेबीकडे सोन्याच्या ईटीएफचा प्रस्ताव दिला होता. जगात तेव्हा कुठेच सोन्याचा ईटीएफ नव्हता. आपल्याकडे परवानगीला वेळ लागला, तोवर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने बाजी मारली आणि आपला गोल्ड बीज २००७ मध्ये आला. आज तो निप्पॉन इंडियाच्या नावाने चालतो.

गोल्ड ईटीएफमध्ये सोनं तिजोरीत असतं आणि युनिट तुमच्या खात्यात. बिटकॉइन ईटीएफचा सांगाडाही हाच आहे. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, तिजोरीत ठेवायची वस्तू म्हणजे डिजिटल किल्ली आहे. दोन, सोन्याचा बाजार रात्री झोपतो, बिटकॉइनचा झोपत नाही. बाकीची सगळी गुंतागुंत या दोन फरकांतूनच येते.

‘स्पॉट’ या शब्दाचा अर्थही इथेच बघून घ्या. स्पॉट ईटीएफ खरे बिटकॉइन विकत घेऊन ठेवतो. त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अमेरिकेत प्रोशेअर्सचा एक ईटीएफ आला होता. तो खरे बिटकॉइन न घेता फ्युचर्सचे करार घ्यायचा. दोन्हींना लोक ‘बिटकॉइन ईटीएफ’च म्हणतात, पण आतला माल वेगळा आहे.

नंदुरबार आणि दोंडाईचाचा भाव सारखा का राहतो?

आता मुख्य प्रश्न. युनिट बाजारात विकलं जातं, म्हणजे त्याचा भाव घेणारे आणि विकणारे ठरवतात. मग तो आतल्या बिटकॉइनच्या किमतीशी जुळून कसा राहतो? हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. ते काम नफ्याच्या मागे धावणारी माणसं करतात.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नंदुरबारची बाजार समिती लाल मिरचीसाठी देशभर ओळखली जाते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचालाही मिरचीचा मोठा बाजार आहे. समजा आज दोंडाईचात मिरची किलोमागे १० रुपये महाग झाली. व्यापारी काय करेल? नंदुरबारात माल उचलेल, टेम्पो भरेल आणि दोंडाईचात विकेल. असं चार जणांनी केलं की नंदुरबारात मागणी वाढून भाव चढतो, दोंडाईचात आवक वाढून भाव उतरतो. शेवटी फरक टेम्पोच्या भाड्याएवढाच उरतो. भाव सारखा करायचा आदेश कुणीच काढलेला नसतो. रस्ता चालू असतो, एवढंच.

ईटीएफमध्ये हे टेम्पोवाले व्यापारी म्हणजे ‘ऑथराइज्ड पार्टिसिपंट’. आपण त्यांना अधिकृत व्यापारी म्हणू. ब्लॅकरॉकच्या फंडासाठी सुरुवातीला जेन स्ट्रीट आणि जेपी मॉर्गन यांची नावं जाहीर झाली होती. फंडाकडून थेट नवी युनिट्स घेण्याचा किंवा जुनी परत करण्याचा हक्क फक्त अशाच व्यापाऱ्यांना असतो. तुम्ही-आम्ही ॲपवरून युनिट घेतो, तेव्हा फंडाशी आपला थेट संबंध येत नाही. आपण बाजारातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी ते विकत घेत असतो.

आकड्यांत बघू

एक काल्पनिक फंड धरू. त्याच्याकडे १,००० बिटकॉइन आहेत आणि १० लाख युनिट्स. म्हणजे एका युनिटमागे ०.००१ बिटकॉइन. हिशेबासाठी एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरू. मग एका युनिटची खरी किंमत झाली ८,००० रुपये.

अचानक मागणी वाढली आणि बाजारात युनिट ८,०८० रुपयांना विकलं जाऊ लागलं. अधिकृत व्यापारी लगेच हिशेब मांडतो. फंड एका गठ्ठ्यात ५०,००० युनिट्स देतो असं समजा.

- ५०,००० युनिट्समागे लागतात ५० बिटकॉइन, म्हणजे ४० कोटी रुपये.
- तीच ५०,००० युनिट्स बाजारात ८,०८० ने विकली तर येतात ४० कोटी ४० लाख.
- खर्च वजा जाता मधले ४० लाख त्याचे.

तो युनिट्स विकतो म्हणून युनिटचा भाव खाली येतो. त्याच वेळी ५० बिटकॉइन खरेदी होतात म्हणून बिटकॉइनला थोडी मागणी मिळते. फरक मिटतो.

उलटंही होतं. युनिट ७,९२० वर आलं, तर व्यापारी बाजारातून स्वस्तात ५०,००० युनिट्स गोळा करतो, फंडाला परत देतो आणि ८,००० च्या हिशेबाने मोबदला घेतो. फंड ती युनिट्स रद्द करतो आणि तेवढे बिटकॉइन बाहेर जातात.

प्रत्यक्षात एवढा एक टक्क्याचा फरक पडायची वाट कुणी बघत नाही. अशा अनेक कंपन्यांचे अल्गोरिदम स्क्रीनवर टपून बसलेले असतात, त्यामुळे साधारण दिवशी अगदी किरकोळ फरकही लगेच भरून निघतो.

बातम्यांमध्ये ‘आज बिटकॉइन ईटीएफमध्ये एवढे कोटी डॉलर आले’ असं वाचता, ते हेच. युनिट्सची नुसती अदलाबदल झाली तर फंडात काहीच येत नाही. नवे गठ्ठे तयार झाले तरच पैसा ‘आला’ म्हणतात, आणि गठ्ठे रद्द झाले तर ‘गेला’.

रोख की थेट बिटकॉइन?

सुरुवातीला अमेरिकेच्या नियामकाने एक अट घातली होती. व्यापाऱ्याने फंडाला रोख पैसेच द्यायचे, बिटकॉइन खरेदी फंडाने आपल्या यंत्रणेतून करायची. व्यापारी कंपन्यांनी स्वतः बिटकॉइन हाताळू नयेत, असा त्यामागचा विचार. त्यामुळे रस्त्यात एक टोलनाका वाढला: पैसे आले, मग खरेदी झाली, मग बिटकॉइन तिजोरीत गेले. प्रत्येक टप्प्यावर थोडा खर्च आणि भाव हलण्याची थोडी जोखीम.

जुलै २०२५ च्या अखेरीस ही अट सैल झाली. आता व्यापारी थेट बिटकॉइन देऊन युनिट्स घेऊ शकतो आणि युनिट्स देऊन बिटकॉइन परत घेऊ शकतो. सोन्याच्या ईटीएफमध्ये ही सोय आधीपासून आहे. तुमच्या ॲपवर यातलं काहीच दिसत नाही, पण तुम्ही जो भाव देता त्यात या टोलनाक्याचा खर्च मिसळलेला असतो.

कोल्ड स्टोरेज, पण मिरचीचं नाही

बिटकॉइन ‘ठेवायचे’ म्हणजे काय? फंडाच्या कार्यालयात बिटकॉइन नावाची फाइल नसते. कुठल्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत याची नोंद ब्लॉकचेनवर, जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. फंडाकडे असते ती प्रायव्हेट की, म्हणजे तो पत्ता उघडणारी गुप्त किल्ली. किल्ली ज्याच्याकडे, बिटकॉइन त्याचे. बँकेत जाऊन ‘सही चुकली, व्यवहार परत फिरवा’ म्हणण्याची सोय इथे नाही.

म्हणून फंड ही किल्ली सांभाळायला कस्टोडियन नेमतो. २०२४ मधल्या त्या ११ फंडांपैकी बहुतेकांनी एकाच कंपनीला, कॉइनबेसला, कस्टोडियन नेमलं. फिडेलिटीने स्वतःच्याच समूहातली कंपनी वापरली, व्हॅनएकने जेमिनी. नंतर एप्रिल २०२५ मध्ये ब्लॅकरॉकने अँकरेज डिजिटल हा आणखी एक कस्टोडियन जोडला.

कस्टोडियनकडे साधारण दोन कप्पे असतात. रोजच्या खरेदी-विक्रीसाठी एक चालू कप्पा, आणि बाकी सगळा साठा कोल्ड स्टोरेजमध्ये. आपल्याकडे कोल्ड स्टोरेज म्हटलं की मिरचीच्या गोण्या आठवतात. इथे त्याचा अर्थ असा, की किल्ल्या इंटरनेटशी जोडलेल्याच नसलेल्या उपकरणांत, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या आणि व्यवहार करायचा तर अनेक जणांची मंजुरी लागेल अशी व्यवस्था करायची.

हे सुरक्षित आहे का? एखाद्याने मोबाईलच्या नोट्समध्ये सीड फ्रेज लिहून ठेवण्यापेक्षा कितीतरी पटीने सुरक्षित. पण धोका शून्य नाही. कॉइनबेसच्या विम्याची मर्यादा फंडाच्या माहितीपत्रकात सुमारे ३२ कोटी डॉलर दिली होती, आणि ती सगळ्या ग्राहकांत मिळून. एकट्या ब्लॅकरॉकच्या फंडाकडे २०२५ च्या जुलैपर्यंत ७ लाखांहून जास्त बिटकॉइन जमले होते, म्हणजे हजारो कोटी डॉलरचा माल. विमा आणि माल यांच्यातलं अंतर तुम्हीच बघा.

मे २०२५ मध्ये कॉइनबेसने आणखी एक गोष्ट जाहीर केली. परदेशातल्या ग्राहकसेवेच्या काही कर्मचाऱ्यांना लाच देऊन चोरांनी ग्राहकांची माहिती मिळवली होती आणि २ कोटी डॉलर खंडणी मागितली होती. किल्ल्या गेल्या नाहीत, पण एक गोष्ट दिसली. तिजोरी कितीही पक्की असली तरी तिच्या आसपास माणसंच काम करतात.

बिटकॉइनच्या बाजूने एक चांगली गोष्टही सांगतो. सोन्याच्या तिजोरीत डोकावून बघता येत नाही, ब्लॉकचेनवर येतं. बिटवाइजने जानेवारी २०२४ मध्येच आपल्या फंडाचे वॉलेट पत्ते जाहीर केले. म्हणजे धडगावच्या डोंगरावर नेटवर्कची एखादी दांडी मिळाली तरी तुम्ही मोबाईलवरून त्या पत्त्यांवरची शिल्लक बघू शकता.

रस्ता एकेरी झाला की काय होतं

वरची सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी आहे: रस्ता दोन्ही बाजूंनी चालू हवा. तो बंद पडल्याची दोन खरी उदाहरणं आहेत.

पहिलं ग्रेस्केलचं. त्यांचा बिटकॉइन ट्रस्ट २०१३ पासून होता, पण तो ईटीएफ नव्हता. त्यात बिटकॉइन घालून नवी युनिट्स काढता यायची, पण युनिट देऊन बिटकॉइन परत घेता येत नव्हते. मिरची बाजारात येऊ शकते पण परत नेता येत नाही, असा प्रकार. दुसरा पर्याय नव्हता तोवर लोक खऱ्या किमतीपेक्षा जास्त देऊन युनिट घेत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये चित्र उलटलं. डिसेंबर २०२२ पर्यंत हे युनिट आतल्या बिटकॉइनच्या जवळपास अर्ध्या किमतीला विकलं जात होतं. आतला माल होता तेवढाच होता, फक्त बाहेर पडायला दार नव्हतं.

ग्रेस्केल कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाविरुद्ध जिंकलं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रस्टचा ईटीएफ झाला, दार उघडलं आणि तो प्रचंड फरक जवळजवळ मिटला. मग अडकलेल्या लोकांनी धाव घेतली. सुरुवातीला या फंडाकडे ६ लाखांहून जास्त बिटकॉइन होते, २०२४ च्या जुलैअखेर निम्म्याहून कमी उरले.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, चांदीचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, बाजारात खऱ्या चांदीचा तुटवडा पडला. चांदीच मिळेना, तर नवी युनिट्स कशी काढणार? मागणी मात्र वाढतच होती. त्यामुळे चांदीचे ईटीएफ त्यांच्या आतल्या चांदीच्या मोजलेल्या किमतीपेक्षा बरेच महाग विकले जाऊ लागले. कोटक, यूटीआय, एसबीआय अशा फंड घराण्यांनी सिल्व्हर ईटीएफवर आधारित योजनांमध्ये एकरकमी पैसे घेणं काही काळ थांबवलं. ज्यांनी त्या दिवसांत आय-एनएव्ही न बघता घाईने युनिट घेतलं, त्यांनी चांदीसोबत गर्दीचीही किंमत मोजली.

आय-एनएव्ही म्हणजे युनिटच्या आतल्या मालाची चालू किंमत. कुठलाही ईटीएफ घेताना बाजारभाव आणि आय-एनएव्ही शेजारी ठेवून बघायची सवय लावा. या लेखातलं फक्त एक वाक्य लक्षात राहणार असेल, तर ते हे राहू द्या.

फी: मिरची वाळते तसं युनिट

आपल्याकडे ओली लाल मिरची पथारीवर टाकली की रोज थोडं वजन घटतं. ईटीएफच्या युनिटचंही तसंच आहे. फंड तुमच्याकडून फीची वेगळी पावती फाडत नाही. तो आतल्या साठ्यातले थोडे थोडे बिटकॉइन विकून आपली फी काढतो. त्यामुळे एका युनिटमागचे बिटकॉइन हळूहळू कमी होत जातात.

ब्लॅकरॉक आणि फिडेलिटीची फी वर्षाला ०.२५ टक्के, ग्रेस्केलच्या मूळ फंडाची १.५ टक्के. ऐकायला दोन्ही किरकोळ. पण दहा वर्षांनी पहिल्या फंडात १०० मधले साधारण ९७.५ बिटकॉइन उरतील, दुसऱ्यात साधारण ८६. भाव काहीही असो, ही घट ठरलेली आहे. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलेला बिटकॉइन असा वाळत नाही, पण मग तो सांभाळायची पूर्ण जबाबदारी तुमची.

बाजार बंद, भाव चालू

अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या वेळेनुसार हिवाळ्यात रात्री ८ ते अडीच आणि उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते दीडपर्यंत चालतो. शनिवार-रविवार बंद. बिटकॉइन मात्र २४ तास, सातही दिवस चालतो. रविवारी दुपारी भाव १० टक्के पडला तर स्वतःच्या वॉलेटवाला विकू शकतो. ईटीएफवाला सोमवार रात्रीपर्यंत फक्त स्क्रीन बघत बसतो, आणि बाजार उघडतो तो थेट खालच्या भावावर.

त्यात आपल्यासाठी डॉलर-रुपयाचा फरकही जोडला जातो. बिटकॉइन जागेवर राहिला आणि रुपया घसरला तरी तुमच्या हिशेबात आकडा हलतो.

मुंबई आणि पुण्याचे दोन धडे

ईटीएफ नको, थेट एक्स्चेंजवर बिटकॉइन घेतो, असं कुणी म्हणेल. त्याने १८ जुलै २०२४ ची तारीख लक्षात ठेवावी. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून त्या दिवशी सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. हे वॉलेट एका सहीवर उघडणारं नव्हतं, अनेक सह्या लागणारं होतं. तरी चोरी झाली. स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्यावर झाली, असं एक्स्चेंजने सांगितलं. कस्टडीची सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं नाकारलं. या वादात ग्राहकांची क्रिप्टो अडकली. सिंगापूरच्या कोर्टातून योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. सव्वा वर्ष लोक ॲपमध्ये आपली शिल्लक बघत होते, पण ती हलवू शकत नव्हते.

ॲपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे तुमचा बिटकॉइन नव्हे. तो कंपनीने तुम्हाला दिलेला शब्द आहे.

दुसरा धडा पुण्याचा. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिन्याला १० टक्के, १८ महिने परतावा असं आमिष दाखवलं गेलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधाराला अटक केली. पुढे तपास ईडी आणि सीबीआयकडेही गेला. पण कथेतला विचित्र भाग नंतर आला. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक केली. तपासादरम्यान आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी वळती केल्याचा आरोप होता. पोलिसांच्या ताब्यातल्या मालाचीही ही अवस्था होऊ शकते. किल्ली ज्याच्या हातात, माल त्याचा, या नियमाला खाकी वर्दीही अपवाद नाही.

मग आपल्यासमोर काय आहे?

भारतात बिटकॉइन घेणं बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. पण कर कडक आहे. नफ्यावर सरळ ३० टक्के आणि वर सेस, शिवाय ठराविक मर्यादेपलीकडे विक्रीवर १ टक्का टीडीएस. तोटा वळता करता येत नाही. एका कॉइनमध्ये १०,००० कमावले आणि दुसऱ्यात १०,००० घालवले, तर खिशात काहीच आलं नाही, तरी पहिल्या १०,००० वर ३,१२० रुपये कर भरायचा.

अमेरिकेतला ईटीएफ घ्यायचा तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे परदेशात पैसे पाठवावे लागतात. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, ती आपल्यापैकी कुणाला अडवणार नाही. अडवेल तो खर्च. बँकेचं शुल्क, डॉलर बदलताना जाणारा फरक, ब्रोकरची फी. पाच हजार रुपयांसाठी हा खटाटोप केलात तर मिरचीपेक्षा टेम्पोभाडं जास्त होईल.

शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज त्याच आधारच्या ओटीपीवर आपण दहा मिनिटांत डिमॅट खातं उघडतो. सोय मोठी आहे. पण केवायसी झालं म्हणजे पैसे सुरक्षित झाले असं नाही. आधारचा ओटीपी तुम्ही कोण ते सांगतो, समोरचा कोण ते सांगत नाही.

आणि सिमची काळजी घ्या. ९ जानेवारी २०२४ ला, खरी मान्यता मिळायच्या आदल्या दिवशी, त्या अमेरिकन कमिशनच्याच एक्स खात्यावरून ‘ईटीएफ मंजूर’ अशी खोटी पोस्ट पडली आणि बिटकॉइनचा भाव वर-खाली झाला. चोराने खात्याला जोडलेल्या मोबाईल नंबरचं दुसरं सिम मिळवलं होतं, आणि खात्यावर टू-फॅक्टर सुरक्षा चालूच नव्हती. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे झालं. तुमच्या फोनमध्ये टू-फॅक्टर चालू आहे का, हे लेख संपला की आधी बघा. शक्य असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा.

पैसे टाकण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. हे कुठल्या शेअर बाजारात नोंदलेलं आहे? खरा ईटीएफ कुठल्या तरी एक्स्चेंजवर दिसतोच. फक्त व्हॉट्सॲप लिंकवर किंवा एपीके फाइलमध्ये दिसत असेल तर तो ईटीएफ नाही.

२. आत काय आहे, खरे बिटकॉइन की फ्युचर्स?

३. किल्ली कुणाकडे आहे? कस्टोडियनचं नाव माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. सांगणाऱ्याला ते सांगता येत नसेल, तर त्याने ते वाचलेलं नाही.

४. बाहेर पडायचं दार कुठे आहे? आत यायला एक मिनिट आणि पैसे काढायला ‘आधी टॅक्स भरा’ असं असेल, तर तिथूनच परत फिरा.

५. बाजारभाव आणि आय-एनएव्ही यांच्यात किती फरक आहे, आणि वर्षाची फी किती?

६. ठराविक परताव्याची हमी आहे का? असेल तर विषय संपला. वर सांगितलेल्या यंत्रणेत हमीच्या परताव्याला कुठेच जागा नाही. फंड फक्त बिटकॉइन सांभाळतो. भाव चढला तर युनिट चढतं, पडला तर पडतं.

एक्स्चेंज वापरणारच असाल, तर ते भारताच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का ते तपासा. नोंदणी म्हणजे सुरक्षेची हमी नव्हे, वझीरएक्सच्या ग्राहकांना विचारा. पण नोंदणीच नसेल तर तक्रार करायलाही पत्ता सापडत नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांतच फोन करा. पैसे अजून बँकेत फिरत असतील तर ते गोठवता येतात. एकदा त्यांचं क्रिप्टो होऊन ते दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये गेलं, की किल्ली त्याच्या हातात.